वढूच्या वह्या

केईएम म्हटलं की माहुलच्या माणसाला परळ आठवतं. रात्री-अपरात्री लेकरू धापा टाकायला लागलं की टॅक्सी करून परळ गाठायचं, ही इथली सवय. माहुलगाव आणि आंबापाड्यातल्या रहिवाशांच्या श्वसनाच्या तक्रारींची पाहणी २०१३ साली परळच्या केईएमच्याच डॉक्टरांनी केली होती. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने इथल्या हवेबद्दल निकाल दिला, तेव्हा ती पाहणी लवादासमोर होती. हा लेख मात्र दुसऱ्या केईएमबद्दल आहे. ते पुण्यात रास्ता पेठेत आहे, आणि त्याचा एक हात तीस-एक किलोमीटरवरच्या वढू बुद्रुक या गावात आहे. या वढूबद्दल माहुलमध्ये बसून लिहावंसं वाटलं ते एका बापाच्या प्रश्नामुळे.

मी चेंबूरला राहते आणि माहुलच्या वसाहतीतल्या लसीकरणाला मदतीला म्हणून अधूनमधून जाते. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडल्यावर २०१७पासून ज्या बहात्तर इमारतींमध्ये लोकांना आणून ठेवलं, ती ही वसाहत. एका बाजूला तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या टाक्या, दुसऱ्या बाजूला खाडी. दीड महिन्याचं बाळ घेऊन एक जोडपं आलं होतं. आशाताई बाळाच्या तोंडात रोटाव्हायरसची लस सोडत होत्या. आईने विचारलं, “ताई, आता हगवण लागणार नाही ना?”

आशाताई म्हणाल्या, “लागू शकते. पण सलाईन लावायची पाळी सहसा येणार नाही.”

त्यावर बापाने विचारलं, “मग लागू पडली की नाही हे कळणार कसं? कोविडच्या वेळी अँटिबॉडी टेस्ट होती ना, तशी याची नाही का?”

प्रश्न अगदी बरोबर होता. कोविडने मुंबईतल्या घराघरांत हा शब्द पोचवला. जुलै २०२० मध्ये महापालिकेने तीन विभागांत रक्ततपासणी केली, त्यात चेंबूरचा एम-पश्चिम विभागही होता. झोपडपट्ट्यांतल्या शंभरातल्या सुमारे ५७ जणांच्या रक्तात कोविडची प्रतिपिंडं सापडली, इमारतींतल्या शंभरात १६ जणांच्या. त्या दिवसांत लोक एकमेकांना आपला आकडा सांगत असत. तेव्हा लस दिल्यावर महिन्याने रक्त काढावं, आकडा बघावा आणि निर्धास्त व्हावं, असं त्या बापाला वाटलं तर त्यात वावगं काय? पण या विषाणूच्या बाबतीत तो आकडा पुरेसा बोलत नाही. तो किती बोलतो आणि कुठे गप्प होतो, हे आपल्याला ज्या मोजक्या ठिकाणांमुळे कळलं, त्यांतलं एक वढू आहे. आशाताईंच्या तोंडचं ते ‘लागू शकते, पण’ तिथूनच आलेलं आहे.

वढू बुद्रुक मराठी माणसाला माहीत असतं ते छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे. शिरूर तालुक्यातलं, भीमेच्या खोऱ्यातलं हे गाव. पुण्याचं केईएम १९१२ साली लोकवर्गणीतून उभं राहिलं होतं. १९४०च्या दशकात डॉ. बानू कोयाजी तिथे आल्या तेव्हा ते चाळीस खाटांचं प्रसूतिगृह होतं. बानूबाईंनी पुढच्या अर्धशतकात त्याचं पाचशेच्या वर खाटांचं रुग्णालय केलं. त्यांचं मोठेपण मात्र मला खाटांच्या संख्येत दिसत नाही. रुग्णालयात येऊन पोचणारी बाई आधीच फार लांबून आणि फार उशिरा आलेली असते, हे त्यांनी प्रसूतीच्या टेबलापाशी उभं राहून पाहिलं, आणि मग रुग्णालयच गावाकडे नेलं. १९७२ साली केईएमचं संशोधन केंद्र सुरू झालं. त्याच दशकात राज्य शासनाच्या सहकार्याने वढूचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा राहिला. गावातल्याच बायकांना शिकवून त्यांच्या हाती घरभेटी, वजनकाटा आणि नोंदी दिल्या. आज आशाताई हा शब्द घराघरात आहे, पण ती कल्पना तेव्हा नवी होती. बानूबाईंना १९८९ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार. २००४ साली त्या गेल्या.

वढूला शिर्डी साईबाबा ग्रामीण रुग्णालय आहे. छोटंसंच. पण या संस्थेची खरी मालमत्ता तिच्या वह्या आहेत, असं मी म्हणेन. कोणत्या घरात कोण राहतं, कोण जन्मलं, कोण गेलं, कोण लग्न होऊन आलं, कोण कामासाठी बाहेर पडलं. २००२ साली या नोंदींना रीतसर रूप आलं. आजूबाजूच्या बावीस गावांतल्या प्रत्येक घराची ठरावीक मुदतीने फेरी घेऊन नोंद करायची, आणि हे वर्षानुवर्षं चालू ठेवायचं. लोकसंख्या लाखाच्या वर. यात दिखाऊ असं काहीच नाही. वही गेली, संगणक आला, पण दारात उभं राहून “घरात कुणी नवीन?” असं विचारणारं माणूस तेच राहिलं. कोरेगाव भीमा, सणसवाडीकडे कारखाने आले, भाड्याच्या खोल्या वाढल्या, दरसाल माणसं येऊ-जाऊ लागली. अशा भागात यादी जिवंत ठेवणं म्हणजे वाहत्या पाण्यावर रेघ धरून ठेवण्यासारखं आहे, आणि ते त्यांनी केलं.

केईएमच्या माणसांना हा चिवटपणा नवा नव्हता. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांचा गर्भधारणेच्याही आधीपासून माग ठेवला, पुढे त्यांच्या मुलांचा ठेवला, आणि दिसायला काटकुळं पण अंगात चरबी जास्त असं भारतीय बाळ जगासमोर मांडलं. पिढी मोठी होईपर्यंत थांबायची तयारी असल्याशिवाय असलं काम होत नाही.

आता त्या विषाणूकडे येते.

माझी आजी म्हणायची, दात येताना जुलाब होतातच. प्रत्येक घरात असं म्हणणारी एक आजी असते. ती जे पाहत होती ते खरं होतं, कारण चुकत होतं. दात येण्याचं वय आणि रोटाव्हायरस गाठण्याचं वय एकच, सहा महिने ते दोन वर्षं. आधी उलटी, मग ताप, मग पाण्यासारखे ढाळ. टाळू खचते, डोळे खोल जातात, रडताना पाणी येत नाही. बाळाला वाटीचमच्याने मीठ-साखर-पाणी पाजत राहिलं तर बहुतेक बाळं तरतात. उलट्यांमुळे ते पोटात टिकलंच नाही, तर काही तासांत खेळ संपतो. लस येण्याआधीच्या काळात भारतात या एका विषाणूने वर्षाला पाच वर्षांखालची सुमारे ७८ हजार मुलं दगावत आणि पावणेनऊ लाखांच्या आसपास मुलांना रुग्णालयात दाखल करावं लागे, असा अंदाज आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २००५ च्या अखेरीस देशभरातल्या रुग्णालयांत पाळत सुरू केली. पहिल्या दोन वर्षांत जुलाबांनी दाखल झालेली ४,२४३ मुलं तपासली, त्यांतल्या शंभरात ३९ जणांच्या शौचात हाच विषाणू निघाला.

विषाणू सापडला १९७३ साली मेलबर्नमध्ये. रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या लहान आतड्याचे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पुढे थॉमस फ्लेवेट यांनी त्याच्या चाकासारख्या आकारावरून त्याला लॅटिन नाव दिलं, रोटा म्हणजे चाक. हे चाक दुष्ट आहे ते त्याच्या संख्येमुळे. आजारी बाळाच्या एका ग्रॅम शौचात शंभर अब्जांच्या घरात कण असू शकतात आणि दुसऱ्या बाळाला आजारी पाडायला त्यांतले थोडेसे पुरतात. म्हणून नळाला शुद्ध पाणी असलेल्या श्रीमंत देशांतही पाचव्या वर्षाच्या आत जवळजवळ प्रत्येक मुलाला हा विषाणू गाठतोच. माहुलच्या पाण्याची तक्रार न्याय्यच आहे, आणि पाणी सुधारलंच पाहिजे. पण नुसत्या पाण्याने हा विषाणू अडत नाही.

एकदा होऊन गेल्यावर काय होतं? हा प्रतिपिंडांच्या गोष्टीचा पहिला धागा. १९९६ साली मेक्सिकोतल्या दोनशे बाळांचा दोन वर्षांचा माग प्रसिद्ध झाला. ज्या बाळांना दोनदा संसर्ग होऊन गेला, त्यांच्यापैकी एकालाही नंतर मध्यम किंवा तीव्र जुलाब झाले नाहीत. या बाळांच्या रक्तातलं आयजीए नावाचं प्रतिपिंड जितकं जास्त, तितका पुढचा धोका कमी. शास्त्रज्ञांना हायसं वाटलं. आयजीए हे मुळात ओल्या पृष्ठभागांचं, म्हणजे आतडं, नाक, आईचं दूध यांचं प्रतिपिंड. रोटाव्हायरस आतड्याच्या आतल्या अस्तरावर, केसांसारख्या उंचवट्यांच्या टोकावर वाढतो. पहारा तिथेच हवा. पण बाळाच्या आतड्यातलं काढून तपासणार कसं? म्हणून रक्तातलं आयजीए मोजायचं. खळ्यात धान्य किती पडलं ते बघता येत नसेल तर रस्त्यावर सांडलेल्या दाण्यांवरून अंदाज बांधायचा, तसं हे. दाणे दिसले तर धान्य आलंय हे नक्की. दाणे दिसले नाहीत म्हणून खळं रिकामं असेलच, असं नाही.

मेक्सिकोची खात्री भारतात टिकली नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. गगनदीप कांग यांच्या गटाने झोपडपट्टीतल्या ३७३ मुलांचा तीन वर्षं माग घेतला. २०११ साली त्यांनी दाखवलं की सहा महिन्यांच्या आतच निम्म्याहून जास्त मुलांना संसर्ग होऊन गेलेला असतो, आणि तीन-तीन संसर्ग झाल्यावरही मध्यम-तीव्र आजारापासूनचं संरक्षण ७९ टक्क्यांवरच थांबतं. इथल्या बाळांवर विषाणूचा मारा लवकर होतो, वारंवार होतो, आणि शरीर शिकतं ते अर्धवट. लशींचंही तेच. युरोप-अमेरिकेत तीव्र आजार ८५ टक्क्यांच्या वर रोखणाऱ्या लशी २०१० साली मलावीत ४९ टक्क्यांवर आणि बांगलादेश-व्हिएतनाममध्ये ४८ टक्क्यांवर उतरल्या. आईकडून नाळेवाटे आलेली प्रतिपिंडं, एकाच वेळी दिलेले पोलिओचे थेंब, सतत संसर्ग सोसून थकलेलं आतडं, अशी कारणं एकेक करून तपासली गेली. स्तनपान लशीच्या आधी-नंतर थोडा वेळ थांबवून पाहिलं, काही फरक पडला नाही. आईचं दूध निर्दोष ठरलं याचा मला फार आनंद झाला होता, कारण तोवर काही ठिकाणी त्याच्याकडे बोट दाखवलं जाऊ लागलं होतं.

अशा वेळी भारताची स्वतःची लस तयार होत होती. तिचा उगम १९८०च्या दशकाच्या मध्यात दिल्लीच्या एम्समधल्या नवजात बालकांच्या कक्षात आहे. तिथल्या बाळांच्या शौचात रोटाव्हायरस सापडत होता, पण बाळं ठणठणीत होती. डॉ. महाराज किशन भान यांनी त्यांचा माग घेतला, तेव्हा दिसलं की या बाळांना पुढे तीव्र जुलाब कमी झाले. विषाणूचा तो वाण, ११६ ई, म्हणजे माणसाच्या विषाणूत गायीच्या विषाणूचं एक जनुक निसर्गानेच येऊन बसलेलं. पंचवीस वर्षं खपून त्याची लस झाली, रोटाव्हॅक. बनवली हैदराबादच्या भारत बायोटेकने. ती लागू पडते की नाही हे ठरवायला तीन जागा निवडल्या गेल्या. दिल्ली, वेल्लोर आणि वढू.

वढूने याच सुमारास आणखी एक चाचणी केली होती. तिच्याशी तुलना केल्याशिवाय रोटाचं कोडं नीट उलगडत नाही. गोवरची लस सुईऐवजी वाफेसारखी नाकातोंडातून ओढून देता येईल का, हा जागतिक आरोग्य संघटनेचा प्रश्न होता. २००४ बाळांवर ती चाचणी झाली, आणि तिथे निकाल रक्ताने दिला. गोवरची प्रतिपिंडं रक्तात अमुक पातळीवर असली की मूल सुरक्षित, याबद्दल जगात फारसा वाद नाही. तीन महिन्यांनी रक्त तपासलं. सुई घेतलेल्या शंभरातल्या साधारण ९५ बाळांत प्रतिपिंडं होती, वाफ घेतलेल्या ८५ बाळांत. सुई जिंकली. गोवर होतो का हे पाहत वर्षानुवर्षं बसायची गरजच पडली नाही. गोवर रक्तातून साऱ्या अंगात पसरतो, म्हणून रक्तातली खूण त्याच्याबद्दल खरं बोलते. रोटा आतड्याच्या अस्तरापाशीच आपला बहुतेक कारभार उरकतो.

म्हणून मार्च २०११ मध्ये सुरू झालेल्या रोटाव्हॅकच्या चाचणीत प्रश्न रक्ताला विचारून भागणार नव्हतं. तो बाळाच्या लंगोटाला विचारायचा होता. तीन जागी मिळून ६,७९९ बाळं, त्यांतली पंधराशे वढूच्या परिसरातली. वय सहा ते सात आठवडे. तीनांपैकी दोघांना लस, एकाला तसाच दिसणारा पण लस नसलेला द्रव. कुणाला काय मिळालं ते आईला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. मग बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत दर आठवड्याला संपर्क. जुलाब झाले का? किती वेळा? उलट्या? ताप? शौचाचा नमुना. वीस गुणांची एक मोजपट्टी, तिच्यावर अकरा किंवा जास्त गुण म्हणजे तीव्र आजार.

पुण्याच्या बाजूने डॉ. आशिष बावडेकर या कामाचे प्रमुख होते. कागदावर ही पद्धत चार ओळींत मावते. पण सहा-सात आठवडे हे वय महाराष्ट्रातल्या खेड्यात काय असतं, ते आपल्याला माहीत आहे. सव्वा महिना नुकताच उठलेला असतो. पहिलटकरीण असेल तर ती माहेरी असते. सासरच्या यादीत बाळ आहे आणि बाळ तालुक्याबाहेर आहे. आई परत येते तेव्हा दुसऱ्या डोसची तारीख उलटून गेलेली असते. संमतीचा कागद समजावून सांगायचा तर तो एकट्या आईला सांगून चालत नाही, सासू ऐकायला बसते, दीर प्रश्न विचारतो. ऊसतोडीला किंवा दुसऱ्या कंपनीत कामाला म्हणून घर हललं, की आठवड्याची भेट कुठे द्यायची? अशा गावात दोन वर्षं पंधराशे बाळं हातून सुटू न देणं हे काम चाचणीपुरत्या नेमलेल्या माणसांना जमलं नसतं. तिथे आधीची चाळीस वर्षं कामाला आली. दारात येणारी बाई ओळखीची होती. तिच्या आधी आलेल्या बाईने याच घरातल्या सासूच्या पोरांची वजनं केलेली होती.

१४ मे २०१३ ला दिल्लीत निकाल जाहीर झाला. लस न मिळालेल्या बाळांत तीव्र रोटा-जुलाबाचे ७६ प्रसंग, लस मिळालेल्यांत ७१. पण लस मिळालेली बाळं दुप्पट होती. म्हणजे शंभर बाळांमागे वर्षाला तीनहून थोडे अधिक प्रसंग होत होते, ते दीडवर आले. परिणामकारकता ५३.६ टक्के, पहिल्या वर्षात ५६.४. दुसऱ्या वर्षातही ती फारशी घसरली नाही, आणि ही बाब महत्त्वाची होती, कारण आफ्रिकेत काही ठिकाणी दुसऱ्या वर्षी मोठी घसरण दिसली होती.

आणि रक्त? काही बाळांचं रक्त लशीआधी आणि तिसऱ्या डोसनंतर चार आठवड्यांनी तपासलं होतं. आयजीए चौपट वाढलं तर शरीराने प्रतिसाद दिला असं धरायचं. लस मिळालेल्या शंभरातल्या सुमारे ४० बाळांत ते वाढलं होतं. आणि लस न मिळालेल्या शंभरातल्या सुमारे १८ बाळांतही! आकडा वाचून मी कितीतरी वेळ थबकले होते. लस नसताना अठरांचं कसं वाढलं? कारण वढू असो, दिल्ली असो की वेल्लोर, विषाणू घराघरातून फिरत होता आणि एवढीशी बाळं त्याला कुणाच्या लक्षात न येता भेटून आली होती. म्हणजे एखाद्या बाळाच्या रक्तात खूण दिसली तरी ती लशीची की गल्लीतल्या विषाणूची, हे त्या चाचणीवरून सांगता येत नाही. उलट बाजूने पाहिलं तर खूण दिसली जेमतेम चाळिसांत, आणि आजार मात्र निम्म्याहून अधिक टळला. काही बाळं रक्तात काही न दाखवताही सुरक्षित राहिली असणार. खळं रिकामं नव्हतं, रस्त्यावर दाणे सांडले नव्हते इतकंच.

आयजीए निरुपयोगी आहे, असं मला म्हणायचं नाही. देशादेशांची सरासरी काढली तर आयजीएचा आकडा आणि लशीचा प्रभाव एकत्र चढतात-उतरतात. २०१३ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून ते दाखवलं गेलं. एक लस दुसरीच्या तोडीची आहे का, पोलिओच्या थेंबांबरोबर दिली तर मार खाते का, अशा प्रश्नांसाठी ते वापरतात, आणि वापरावंच, नाहीतर दर वेळी हजारो बाळांना लशीविना ठेवून वाट पाहावी लागेल. गावाबद्दल आयजीए बोलतं. माहुलच्या एका बाळाबद्दल त्याच्याकडून खात्री मागितली तर ते देऊ शकत नाही.

वढूचं काम तिथे थांबलं नाही. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने रोटासील ही दुसरी लस आणली, पाच वाणांची, गायीच्या विषाणूच्या सांगाड्यावर बेतलेली. मुळातलं काम अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमध्ये अल्बर्ट कापिकियन यांच्या गटाने केलेलं. भारतात सहा ठिकाणी ७,५०० बाळांवर तिची चाचणी झाली. त्यात डॉ. आनंद कवडे यांच्याबरोबर वढू होतं, आणि सेवाग्रामही होतं. दोन वर्षांच्या काळात तीव्र आजारापासून सुमारे ३९ टक्के संरक्षण, अतितीव्र आजारापासून सुमारे ५५ टक्के. याच लशीने नायजर देशात ६७ टक्के संरक्षण दिलं. एकच बाटली, दोन देश, दोन आकडे. आता आपल्याकडे रोटाव्हॅक आणि रोटासील या दोन्ही लशी सरकारी कार्यक्रमात आहेत.

लशीच्या धोक्याचा प्रश्नही मनापासून विचारला गेला, आणि तो विचारायलाच हवा होता. १९९९ मध्ये अमेरिकेत पहिली रोटा-लस मागे घ्यावी लागली होती, कारण काही बाळांच्या आतड्यात आतडं शिरून अडकलं होतं. रोटाव्हॅकच्या चाचणीत असे अकरा प्रसंग आढळले, आठ लस-गटात आणि तीन दुसऱ्या गटात. गटांच्या आकाराच्या मानाने फरक मोठा नव्हता आणि डोसनंतरच्या तीस दिवसांत एकही नव्हता. तरीही चर्चा बरीच झाली, जागावार आकडे मागितले गेले. मला वाटतं, ज्या गावांनी आपली बाळं दिली त्यांच्या वतीने असे प्रश्न विचारले जाणं हा त्यांचा हक्कच होता. पुढे लस सार्वत्रिक झाल्यावर देशभरातल्या सत्तावीस रुग्णालयांत पाळत ठेवली गेली. २०२० मध्ये तिचा निष्कर्ष आला, धोका वाढल्याचं दिसलं नाही.

९ मार्च २०१५ ला रोटाव्हॅकचं लोकार्पण झालं. मार्च २०१६ पासून ओडिशा, आंध्र प्रदेश, हिमाचल प्रदेश आणि हरियाणा या चार राज्यांत ती नियमित लसीकरणात आली. महाराष्ट्राची पाळी यायला २०१९ उजाडलं. जिथल्या बाळांनी लस सिद्ध करून दिली, त्या राज्याने तीन वर्षं थांबावं, याचं मला आजही वाईट वाटतं.

खूण आणि संरक्षण यांतलं अंतर अजून मिटलेलं नाही. तोंडावाटे दिलेली लस गरीब देशांतल्या आतड्यात कमी पडते, तर ती सुईने का देऊ नये, या विचाराने आफ्रिकेत एक नवी लस मोठ्या चाचणीपर्यंत पोचली. सुरुवातीच्या टप्प्यांत रक्तातली प्रतिपिंडं जोमदार होती. झांबिया, मलावी आणि घानामध्ये हजारो बाळांचा माग घेतल्यावर २०२२ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. तोंडाच्या लशीहून ती सरस ठरत नव्हती. पुन्हा रक्ताने एक सांगितलं आणि लंगोटाने दुसरं.

हे सगळं मी त्या बापाला एका दमात सांगितलं असं नाही. दहाव्या आठवड्याला थोडं सांगितलं, चौदाव्याला थोडं. तो दर वेळी आला. आशाताईंना याचंच अप्रूप, कारण या वसाहतीतली यादी हातात राहत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने कुणालाही माहुलमध्ये राहायला भाग पाडता येणार नाही आणि भाड्यापोटी महिना पंधरा हजार द्यावेत असा निकाल दिला. ज्यांना जमलं ते निघून गेले, आणि ते बरंच झालं. पण रजिस्टरमध्ये एका डोसपुढे खूण आहे, पुढचे दोन रकाने कोरे, फोन बंद, अशी कितीतरी नावं आहेत. वढूसारखी वही इथे कुणी चाळीस वर्षं लिहिलेली नाही. इथे माणसं येऊन दहा वर्षंही झालेली नाहीत, आणि निम्म्यांचं मन अजून पाइपलाइनच्या कडेच्या घरातच आहे.

तिसरा डोस झाला. आशाताईंनी बाळाच्या कार्डावर तारीख घातली आणि जुलाब झालेच तर ओआरएस कसं पाजायचं, झिंकची गोळी किती दिवस द्यायची, ते आईला पुन्हा सांगितलं. बापाने कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत सरकवलं. जाता जाता वळून त्याने मला विचारलं, “ती वढूची पंधराशे पोरं, ती आता केवढी असतील हो?”

मी बोटांवर मोजलं. काही आठवी-नववीत असतील. थोरली दहावीला बसली असतील.

“बरं,” तो म्हणाला, आणि बाळाच्या कानावरून टोपी नीट खाली ओढून जिन्याकडे गेला.